टँग माशांसाठी टाकी: आकार ठरवण्यापासून मासे सोडेपर्यंतच्या नोंदी

१० जानेवारी

सध्याची खाऱ्या पाण्याची टाकी १२० × ४५ × ५० सेंटिमीटरची आहे. कागदावर २७० लिटर. आत एक पिवळा टँग आणि एक निळा रीगल टँग (टँग म्हणजे सतत पोहणारे, शेवाळ चरणारे चपटे समुद्री मासे), क्लाउन माशांची जोडी आणि सिक्सलाइन रॅस हा एक लहान मासा. पाण्याच्या चाचण्या व्यवस्थित आहेत, नायट्रेट आटोक्यात आहे, सगळे खातात. तरीही टाकी बदलायची, हे आज पक्कं केलं. कारण पाण्यात नाही, पोहण्यात आहे.

आज निवांत बसून फक्त मासे बघितले. क्लाउनची जोडी एका कोपऱ्यातल्या ॲनिमोनपासून (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) वीतभरही लांब जात नाही. त्यांना ही टाकी आयुष्यभर पुरेल. पिवळा टँग मात्र उजवीकडून निघतो, दोन-तीन शेपटीच्या झटक्यांत ओव्हरफ्लोच्या डब्यापाशी (टाकीतलं वरचं पाणी यातून खाली जातं) पोचतो, वळतो आणि परत येतो. दिवसभर हेच. रीगल तर बहुतेक वेळ दगडाच्या फटीत. बाहेर आला की काचेला लागून वरखाली करत राहतो. टाकी म्हणायला १२० सेंटिमीटरची, पण एका टोकाला ओव्हरफ्लोचा डबा आणि दुसऱ्या टोकाला दगडांचा ढीग. मधे सलग मोकळी जागा मोजली तर जेमतेम ८० सेंटिमीटर भरली.

हे दोघे अजून लहान आहेत. पिवळा साधारण ८ सेंटिमीटर, रीगल त्याहूनही छोटा.

१४ जानेवारी

पूर्ण वाढीचे आकडे एका कागदावर काढले आणि तो कागद टाकीशेजारी चिकटवला. पिवळा टँग २० सेंटिमीटरपर्यंत जातो. रीगल ३० पर्यंत. कोले टँग साधारण १८. सेलफिन ४० च्या घरात, आणि नासो ४५ किंवा त्याहून जास्त. दुकानात यातले बरेचसे ५ ते ८ सेंटिमीटरचे असताना मिळतात. हवाईमध्ये २०१५ साली पिवळ्या टँगची पैदास बंदिस्त पाण्यात साधली. समुद्रातून पकडण्याला पर्याय मिळाला ही फार चांगली गोष्ट झाली, पण पैदाशीची पिल्लं आणखी छोटी असताना विकायला येतात आणि घेणाऱ्याचा अंदाज आणखी चुकतो.

लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. ७ सेंटिमीटरचा रीगल २८ चा झाला तर लांबी चौपट, वजन चौसष्टपट. म्हणजे कितीतरी जास्त खाणं, कितीतरी जास्त घाण, कितीतरी जास्त ऑक्सिजन. ‘इतक्या लिटरला इतके सेंटिमीटर मासा’ हा हिशेब इथेच मोडतो. ५ सेंटिमीटरचे सहा मासे आणि ३० सेंटिमीटरचा एक मासा यांची बेरीज सारखी येते, ओझं अजिबात सारखं नसतं.

शिवाय समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरला सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास, खाऱ्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. सतत पोहणाऱ्या माशाला हा फरक जाणवतो. त्यामुळे पाण्याचा वरचा पृष्ठभाग मोठा हवा, म्हणजे पुन्हा लांबी आणि रुंदी.

१९ जानेवारी

आज दोन आकार शेजारी शेजारी जमिनीवर चिकटपट्टीने आखले. एक ९० × ९० आणि उंची ६०. दुसरा १८० × ६० आणि उंची ४५. दोन्हींचं गणित करून बघा, बरोबर ४८६ लिटर येतं. विकणारा दोन्हींवर एकच आकडा लिहील. पण पहिल्यात सरळ रेषेत जास्तीत जास्त ९० सेंटिमीटर पोहता येतं (कोपऱ्यातून कोपऱ्यात १२७, पण मधे दगड असतात), दुसऱ्यात १८०. चौकोनी टाकीच्या मधोमध दगडांचा सुळका उभा केला तर मासे त्याभोवती गोल फिरतात हे खरं, आणि अँथियास या लहान माशांच्या थव्याला ते चालूनही जातं. टँगचा स्वभाव वेगळा आहे. तो एकदम सुसाट सुटतो, आणि सुटायला सरळ वाट लागते.

षटकोनी आणि पुढून फुगीर काचेच्या टाक्या यादीतून काढून टाकल्या.

मोजमापासाठी मी स्वतःपुरता एक नियम ठरवला: सगळ्यात लांब सलग मोकळी वाट ही पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या आठपट हवी. हा शास्त्रातला आकडा नाही. ज्यांच्याकडे मोठे, शांत आणि न भांडणारे टँग आहेत अशा टाक्या बघून आणि मोजून आलेला आहे. पिवळ्यासाठी १६० सेंटिमीटर. कोलेसाठी १४५ च्या आसपास. रीगलसाठी २४०.

रुंदीचा नियम सोपा: मोठा मासा दगडासमोरून जाताना त्याला अंग न चोरता वळता आलं पाहिजे. दोन मासे समोरासमोर आले तर एकाला बाजूला व्हायला जागा हवी. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना धारदार काटा असतो, आणि अरुंद जागेत तोच बाहेर निघतो.

उंची सगळ्यात शेवटी.

२६ जानेवारी

जागेचा विषय. हॉलमध्ये एकच भिंत अशी आहे जिथे टाकी ठेवता येईल, आणि तिथे १८० पेक्षा जास्त लांबी बसत नाही. पुढे दार आहे. २४० साठी दार हलवावं लागेल. ते होणार नाही.

म्हणून रीगल द्यायचा. हे लिहायला जड जातंय, कारण तो या टाकीतला सगळ्यात आवडता मासा आहे आणि अजून इवलासा आहे. ‘मोठा होईल तेव्हा बघू’ असं म्हणता आलं असतं. पण तेव्हा म्हणजे कधी? मोठा झालेला टँग पकडणं, हलवणं आणि त्याला नवी जागा शोधणं हे लहानपणी करण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं, आणि तोपर्यंतची वाढीची वर्षं त्याने अपुऱ्या जागेत काढलेली असतात. टाकीला हद्द आहे, तर माशांची यादी त्या हद्दीत बसवायची.

नवी यादी: पिवळा टँग, एक कोले टँग, लायरटेल अँथियासचा छोटा थवा, पिवळा हॅलिकोएरस रॅस, आणि जुनी क्लाउनची जोडी. सिक्सलाइन जुन्याच टाकीत राहील, तो नव्यांना फार छळतो.

३ फेब्रुवारी

स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. त्यांनी आल्याआल्या विचारलं, “तुळई कुठून जाते ते माहीत आहे का?” टाकीच्या लिटरमध्ये त्यांना रस नव्हता, एकूण वजन आणि ते किती चौरस मीटरवर येणार एवढंच हवं होतं.

तोवर आकार १८० × ७५ × ६० असा ठरला होता. हिशेब असा मांडला. बाहेरून गुणाकार केला तर ८१० लिटर. पण काचेची जाडी वजा केली, वर पाण्याची पातळी थोडी खाली ठेवली, वाळू आणि दगडांची जागा काढली, की खरं पाणी राहतं साडेसहाशे लिटरच्या आसपास. औषधाची मात्रा, मीठ, हीटर, सगळं या खऱ्या आकड्यावर काढायचं असतं, म्हणून तो कायमचा लिहून ठेवला. त्या पाण्याचं वजन ६६५ किलो, काच आणि पट्ट्या १८० किलो, वाळू आणि दगड मिळून शंभराच्या वर, लोखंडी स्टँड, खालचा सम्प (टाकीला जोडलेली पाण्याची दुसरी टाकी) आणि त्यातलं पाणी. एकूण १२०० किलोच्या आसपास. दीड चौरस मीटरपेक्षा कमी जागेवर. राहत्या घराची जमीन सहसा चौरस मीटरला १५० ते २०० किलो वापराचं वजन धरून केलेली असते, आणि इथे त्या जागी चौरस मीटरमागे जवळपास ९०० येतंय.

त्यांनी भिंतीलगत, तुळईवर आडवी येईल अशी जागा खडूने आखून दिली आणि स्टँडच्या पायांऐवजी खाली सलग चौकट करायला सांगितली. लाकडी जमीन असेल तर टाकी वाशांना आडवी ठेवावी, म्हणजे वजन जास्त वाशांवर विभागलं जातं, हेही त्यांनीच सांगितलं. या भेटीचा खर्च एकूण खर्चात अगदी किरकोळ निघाला. तो वाचवू नका.

११ फेब्रुवारी

काच. पाण्याचा दाब लिटरवर नाही, उंचीवर अवलंबून असतो. ५६ सेंटिमीटर पाणी असताना १८० सेंटिमीटरच्या पुढच्या काचेवर मिळून साधारण २९० किलोचा रेटा येतो. १२ मिलिमीटर काचेत हिशेब काठावर येत होता, म्हणून १५ घेतली, वरून चारही बाजूंनी काचेच्या पट्ट्या. उंची ७५ केली असती तर १९ मिलिमीटरकडे जावं लागलं असतं, आणि काचेचा खर्च व वजन दोन्ही उसळलं असतं. वाचलेला तो पैसा रुंदीत घातला: ६० ची ७५ केली. पोहणाऱ्या माशाला उंचीच्या जास्तीच्या पंधरा सेंटिमीटरपेक्षा रुंदीचे पंधरा सेंटिमीटर कितीतरी उपयोगाचे.

एकूण खर्चाबद्दल इतकंच सांगतो: काच हा सगळ्यात मोठा भाग वाटतो, पण नसतो. स्टँड, दिवे, स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) आणि पंप मिळून काचेच्या पुढे गेले. आणि मीठ कायम लागतं. लिटरमागे साधारण ३७ ग्रॅम धरा. सम्पसकट पहिल्या भरणीला जवळपास २८ किलो लागलं, आणि पुढे दर वेळी एक दशांश पाणी बदलताना पावणेतीन किलो. टाकी किती मोठी परवडते हे ठरवताना हा महिन्याचा आकडा आधी बघा.

१५ फेब्रुवारी

ओव्हरफ्लो बाहेर काढला. जुन्या टाकीत आतल्या डब्याने एका टोकाची पंधरा सेंटिमीटर वाट खाल्ली होती. इथे मागच्या काचेला वर एक आडवी खाच आणि डबा काचेच्या बाहेर. भिंतीपासून टाकी थोडी पुढे घ्यावी लागली, पण आतली १७७ सेंटिमीटर पूर्ण माशांची.

५ मार्च

टाकी आली. स्टँड पाणसळीने तपासला, लांबीत दोन मिलिमीटरचा उतार होता. खालून पत्र्याच्या पट्ट्या सरकवून तो काढला, मग वर थर्मोकोलची शीट आणि टाकी. साधं पाणी भरून ठेवलं.

७ मार्च

ओव्हरफ्लोच्या डब्याखाली थेंब. सिलिकॉनचा सांधा नव्हे, बल्कहेड (काचेच्या भोकात पाइप बसवायचा नट-वॉशरचा जोड). रबरी वॉशर नटच्या बाजूला बसवला गेला होता. तो बल्कहेडच्या डोक्याच्या बाजूला, म्हणजे काच आणि मोठी कडा यांच्यामध्ये हवा. नटच्या बाजूला असला की नट आवळताना वॉशर पिळला जातो आणि एका जागी वाट मिळते. पाणी उपसलं, वॉशर बदलला, हाताने आवळून वर पाव फेरा दिला, पुन्हा भरलं. आठवडाभर तसंच ठेवलं, खाली कागद अंथरून. कोरडा राहिला.

२० मार्च

दगड. ही नोंद लांब होणार, कारण टाकीचा आकार तुम्ही दोनदा ठरवता: एकदा काच कापताना आणि एकदा दगड रचताना.

पाणी काढून टाकल्यावर, कोरड्या टाकीत साधारण ५० किलो कोरडा दगड रचून बघितला. पहिली मांडणी देखणी होती: मधोमध उंच डोंगर, मागच्या काचेला टेकलेला, पुढे उतार, मधे एक कमान. फोटोत सुंदर. पण मोजपट्टी लावल्यावर पुढच्या काचेपासून उताराच्या पायथ्यापर्यंत फक्त १८ सेंटिमीटर. १७७ सेंटिमीटरची टाकी त्या डोंगराने दोन खोल्यांत वाटली होती.

दुसरी मांडणी: दोन वेगळी बेटं, दोन्ही काचांपासून सुटी. दगडाची रुंदी ३० सेंटिमीटरच्या आत. पुढे २७ सेंटिमीटरची सलग वाट, मागे १५ ची. शिवाय दोन बेटांच्या मधे खिंड. म्हणजे मासा पुढून जाऊन मागून येऊ शकतो, त्याला काचेपाशी उलटं वळावं लागत नाही. मागची वाट स्वच्छतेसाठीही लागते, तिथे घाण साचू न देणारा प्रवाह पोचतो. दगड सिमेंट आणि ॲक्रिलिकच्या दांड्यांनी पक्के केले. पाया थेट काचेवर, वाळू नंतर. वाळूवर दगड ठेवले तर रॅस खालून उकरतो आणि बेट कलतं.

२८ मार्च

आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी जमवायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला. मीठ विरघळवून घनता १.०२५, तापमान २५ अंश. बाटलीतला अमोनिया घालून सायकलिंग (घाण पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं) सुरू केलं. कोरडा दगड असेल तर महिना-दीड महिना गृहीत धरा. घाई करून काही हाती लागत नाही.

दोन वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह करणारे पंप), दोन टोकांना, समोरासमोर, मिळून ताशी १५,००० लिटरच्या आसपास. आळीपाळीने जोर धरतात.

१२ मे

अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट दिसतंय. काचेवर तपकिरी थर आला आणि हिरवा व्हायला लागलाय. टँग सोडण्याआधी शेवाळ उगवलेलं असणं मला गरजेचं वाटतं, हे मासे दिवसभर चरणारे आहेत.

वर बारीक जाळीचं झाकण बसवलं. रॅस आणि अँथियास उडी मारतात. झाकण नसलेल्या टाकीत ते टिकत नाहीत.

आज रीगल गेला. ज्यांच्याकडे गेला त्यांची टाकी २४० सेंटिमीटरची, आतून जवळपास आठपटीच्या हिशेबात बसणारी. जाळीने पकडला नाही, शेपटीचा काटा जाळीत अडकतो आणि मासा फाटतो. पाण्याखाली प्लास्टिकचा पारदर्शक डबा धरून त्यात हळूच वळवला. संध्याकाळी तो तिकडे खात होता.

२५ मे पासून जूनअखेर

मासे सोडण्याचा क्रम: क्लाउन, अँथियास, रॅस, मग कोले, सगळ्यात शेवटी पिवळा. नवीन मासे आधी वेगळ्या क्वारंटाइन टाकीत काढले होते. टँगना पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन हा रोग चटकन होतो आणि मोठ्या टाकीत दगड असताना तांब्याचं औषध चालत नाही. क्वारंटाइनची टाकी लहान असते हे खरं, पण ती मुक्कामाची जागा आहे, घर नव्हे.

पिवळा आधीपासून आपला असला तरी शेवटी सोडला, कारण तो हक्क गाजवणारा. सोडल्यावर दोन दिवस कोलेच्या मागे लागला, कडेने अंग तिरकं करून शेपूट दाखवत. बाहेरून एका टोकाला आरसा लावला, तो स्वतःच्या प्रतिमेशी भांडत बसला. तिसऱ्या दिवसानंतर वाद मिटला. इथे मागच्या वाटेचा खरा उपयोग दिसला: कोले बेटामागे वळला की पाठलाग तुटत होता. जुन्या टाकीत त्याला कोपराच मिळाला असता.

९ जुलै

एक गोष्ट नीट जमलेली नव्हती. पिवळा पुढच्या वाटेने पूर्ण लांबी पोहायचा, पण खिंडीतून कधीच जायचा नाही, प्रत्येक वेळी टोकाला जाऊन वळायचा. खिंड वरच्या बाजूला १२ सेंटिमीटर होती. मला रुंद वाटली होती, कारण मी माशाची जाडी बघत होतो. टँग चपटा असला तरी पंख उभारल्यावर त्याची उंची बरीच असते आणि अरुंद जागेत तो पंख मिटून शिरायला राजी नसतो. उजव्या बेटावरचा वरचा दगड काढून खिंड २५ सेंटिमीटर केली. हात पाण्यात असताना सगळं गढूळ झालं, अँथियास दिवसभर लपून राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पिवळा खिंडीतून आठचा आकडा काढत फिरत होता.

खिंड मोजताना पूर्ण वाढलेल्या माशाची पंखांसकट उंची धरा.

२ ऑगस्ट

रात्री वीज गेली. बॅटरीवरचा हवेचा पंप आपोआप सुरू झाला. सगळ्यात आधी टँगचे कल्ले जोरात हलायला लागले, क्लाउनना काही फरक नव्हता. या एका टाकीसाठी आता दुसरा, राखीव पंपही ठेवलाय.

१८ ऑगस्ट

पुढच्या काचेवर बाहेरून दर १० सेंटिमीटरला खूण केली आहे, त्यावरून माशांची लांबी कळते. पिवळा १२ च्या थोडा पुढे, कोले १० च्या आसपास. दोघांचं पोट भरलेलं, कपाळ आणि बाजूची रेषा स्वच्छ. नायट्रेट १० च्या खाली. डावा वेव्हमेकर खालच्या बाजूची वाळू उडवतोय, तो हाताच्या पंज्याइतका वर घ्यायचा आहे. पिवळा १६ सेंटिमीटर भरला की पुढची वाट पुन्हा मोजणार, आणि प्रवाळ वाढून ती २५ च्या खाली आली असेल तर छाटणी.